जिन्याचं बघितलंय

कारभाऱ्यांना काढायचं हे ठरून दीड वर्ष झालं होतं. कधी काढायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आधी ठरलं होतं उन्हाळ्यानंतर. उन्हाळा संपला तेव्हा कारभाऱ्यांच्या मुलीचं बाळंतपण निघालं, आणि घरात बाळंतीण असलेल्या माणसाला असलं काही सांगायचं बाईंच्या जिवावर आलं. मग ठरलं, बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. ते झालं, तर कारभाऱ्यांना खोकला झाला. खोकला गेला त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर बाईंच्या गुडघ्यांची इतक्या आपुलकीनं चौकशी केली की बाईंना पुढे बोलवेना. गुडघे खरं तर वन्संचे दुखत होते, पण आपुलकी ती आपुलकीच. तोही आठवडा तसाच गेला.

बाई म्हणजे शिवणबाई. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं होतं. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. दुकानदारानं भलताच रंग दिला तर परत करायला जाण्यापेक्षा तो रंग आवडून घ्यायचा, असा स्वभाव. यजमानांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहानसं दुमजली घर बांधून भाड्यानं दिलं होतं आणि ते सांभाळायला कारभारी नेमले होते. यजमान गेले, घर बाईंच्या नावावर झालं, कारभारी होते तिथेच राहिले. वर्षाला करार करायचे, तक्रारी ऐकायच्या, दुरुस्त्या करून घ्यायच्या, हे सगळं त्यांच्याकडे. बाईंकडे फक्त धास्ती होती.

कारभारी कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर निदान नेमकं कुठे घाबरायचं ते बाईंना कळलं असतं. ते अगदी हळू बोलत, मध्येच उसासा टाकत, आणि शेवटी म्हणत, "तुम्ही काळजी करू नका." हे वाक्य ऐकलं की बाईंची काळजी सुरू व्हायची. तोवर काळजी करण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नसायचं.

भाडेकरूंबद्दल तर ते असं काही सांगत की बाईंनी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं होतं. तळमजल्यावर एक माणूस होता. "परवा त्यानं माझ्यासमोर हात उचलला," कारभारी म्हणाले होते, आणि गप्प झाले होते. वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. "त्या तर रोज कोर्टात असतात," एवढंच त्यांच्याविषयी कळलं होतं. बाईंनी कोर्ट आयुष्यात फक्त बाहेरून पाहिलं होतं, तेही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं. ज्या बाईला रोज तिथे जावंसं वाटतं, तिच्या वाटेला कोण जाणार?

वन्सं म्हणजे बाईंच्या नणंद. यजमान गेल्यावर त्या बाईंकडेच राहायला आल्या. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा रोगी उठवून बसवावा असा आवाज. काढून टाका त्या माणसाला, असं त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं होतं. फोन मी करते, असंही म्हणाल्या होत्या. पण त्या काय बोलतील याची बाईंना कारभाऱ्यांपेक्षा जास्त भीती. शेवटी वन्संनी बाईंकडून रंगीत तालीम करून घेतली. स्वतः कारभारी होऊन समोर खुर्चीत बसल्या, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "बोला, काय काम काढलंत?" बाईंनी तीन वेळा घसा साफ केला आणि विचारलं, "चहा घेणार ना?" वन्संनी डोक्याला हात लावला.

अशात एक पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद, खाली सही नाही. "मा. मालकीणबाई यांस. जिन्याच्या पायऱ्या केव्हाही पडतील. कठडा हातात येतो आहे. एखाद्याचा जीव जाईल. कृपया रागावू नये."

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि वही काढली. जिन्याचं काम तर झालं होतं. दोन महिन्यांपूर्वीच कारभाऱ्यांनी फोनवर सांगितलं होतं, "जिन्याचं बघितलंय मी." बाईंनी वहीत लिहूनही ठेवलं होतं, जिना झाला.

"बघितलंय म्हणाले ना? मग बघितलाच असेल," वन्सं म्हणाल्या. "केलाय असं कुठे म्हणाले?"

हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता डोळ्यांसमोर नाही नाही ते दिसू लागलं. कोणीतरी खाली पडलंय, डोकं फुटलंय, आणि कोर्टात जाणारी ती बाई बोट दाखवतेय, हीच ती मालकीण. ती रात्र त्यांनी कशीबशी काढली. सकाळी वन्संनी निकाल दिला की स्वतः जाऊन बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. वन्संचा गुडघा नेमका सुजलेला, त्यामुळे जायचं बाईंनी एकटीनं. अकरा वाजेपर्यंत फोन आला नाही तर मी माझ्या पद्धतीनं बघेन, असं वन्संनी बजावलं. ती पद्धत कोणती, ते विचारायची बाईंची छाती झाली नाही.

बाईंनी बेत मात्र नीट आखला. दहानंतर जायचं, म्हणजे वरची बाई कोर्टात गेलेली असेल. तळमजल्याच्या दारावरून पाय न वाजवता जायचं. जिना बघायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. पायात पळता येईल असे बूट घातले आणि सवयीनं पिशवीत मापाची टेप टाकली. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी आहे, हे त्यांना कुठून कळणार?

घराशी बस थांबली तेव्हा बाई सगळ्यांच्या शेवटी उतरल्या. दार उघडंच होतं. आत शिरल्यावर डावीकडे तळमजल्याची खोली आणि समोर लाकडी जिना. तो पाहून बाईंना आपली सगळी भीती अपुरी वाटली. चौथी पायरी मधोमध खचली होती. कठड्याचे दोन गज गायब होते आणि तिथे जाड दोरी बांधली होती. पाचव्या पायरीवर कोणीतरी खडूनं मोठी फुली मारली होती. बाईंनी वाकून पायरीला टेप लावली. तीस वर्षांचा हात. घाबरला की काहीतरी मोजायला लागायचा.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं.

हात उचलणारा माणूस बाईंनी मनात दाराएवढा रंगवून ठेवला होता. बाहेर आला तो त्यांच्याच उंचीचा, वाकलेला, एका डोळ्याला भिंग लावलेला घड्याळजी. त्याच्या हातात चिमटा होता आणि तो हात चक्क थरथरत होता. मालकीणबाईंकडून आलात का, असं त्यानं इतक्या दबक्या आवाजात विचारलं की बाईंनी दबूनच मान हलवली. तुम्ही त्यांच्याजवळ असता का? बाईंनी पुन्हा मान हलवली. खोटं काही नव्हतं. स्वतःजवळ त्या असायच्याच. घड्याळजीचा चेहरा पांढरा पडला. त्यानं भिंग काढलं, खिशात ठेवलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर हाक दिली, "ऐका हो, त्यांच्याकडून माणूस आलंय."

वरचं दार उघडलं. कोर्टवाली बाई दारात उभी. चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. बाईंना पाहून तिनं ती घाईनं नीट केली आणि वर यायला सांगितलं. तिसरीवरून थेट सहावीवर पाय टाका, भिंतीला धरा, कठड्याला नको. बाईंना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणता आलं असतं तर आयुष्यात पुष्कळच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. त्या भिंतीला चिकटून वर चढल्या. शेवटची पायरी गाठताना त्यांची पिशवी दोरीत अडकली. त्यांनी ती ओढली. पिशवीबरोबर दोरी आली, दोरीबरोबर कठडा आला, आणि कठड्यानं जाताना चार पायऱ्या सोबत नेल्या.

केवढा तरी आवाज झाला. धूळ उडाली. बाई मागच्या मागे कोर्टवालीच्या अंगावर कोसळल्या. खाली बघतात तो जिन्याच्या जागी मोठं भगदाड, त्याखाली लाकडांचा ढीग, ढिगावर आपली पिशवी, आणि बाजूला हात जोडून उभा असलेला घड्याळजी.

"ताई, मालकीणबाईंना सांगा, आमची काही चूक नाही यात," तो म्हणाला.

कोर्टवालीनं बाईंना उठवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. टेबलावर टाइपरायटर होता, शेजारी कागदांचे गठ्ठे. ती कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. रोज कोर्टात असते, ती एवढ्याचसाठी. बाईंनी भीतभीत विचारलं, आणि तो खालचा माणूस? त्यानं कारभाऱ्यांवर हात उचलला म्हणे. टायपिस्ट बाई आधी गोंधळली, मग हसली. छताची ओल दाखवायला त्यानं हात वर केला होता. कारभारी दोन पावलं मागे सरले आणि मग सहा महिने आले नाहीत.

कारभारी खोटं बोलले नव्हते. एक शब्दही खोटा नव्हता.

मग टायपिस्ट बाईनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, खरंच का हो त्या इतक्या भयंकर आहेत? कोण, हे बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, हे आपल्याबद्दलच चाललंय. मालकीणबाईंच्या हातात बोलतानाही कात्री असते म्हणे. शाळेत पोरींना रडवून सोडायच्या. एक टाका चुकला तर सबंध काम उसवायला लावायच्या. नवरा बिचारा घरात तोंड उघडत नसे. कुठलीही तक्रार सांगायला गेलं की कारभारी उसासा टाकत आणि म्हणत, "मी सांगतो त्यांना, पण पुढचं मला विचारू नका." दोन वर्षांत कोणाची पुन्हा विचारायची हिंमत झाली नव्हती.

बाई ऐकत राहिल्या. कात्री असायची, खरं आहे. पोरी रडायच्या, खरं आहे, आणि त्यांचं बघून बाईही रडायच्या. यजमान दिवसभर शब्दकोडी सोडवत, म्हणून बोलत नसत. यातलंही काही खोटं नव्हतं. आपण आयुष्यभर जगाला भ्यायलो आणि शहराच्या या टोकाला दोन माणसं आपल्याला भिऊन मोडका जिना सोसत होती, हे समजलं तेव्हा बाईंना रडूच यायला लागलं. टायपिस्ट बाईनं भलताच अर्थ काढला. तिनं बाईंचा हात धरला.

"सोडा ती नोकरी," ती म्हणाली. "किती दिवस अशा घाबरून काढणार? तुमचंही आज सांगू, उद्या सांगू असंच चाललं असणार. हो ना?"

बाईंनी मान हलवली. हेही खोटं नव्हतं.

खाली पिशवीत फोन वाजू लागला. अकरा वाजले होते. घड्याळजीनं ढिगावरून पिशवी उचलली, फोन काढला, आणि काय करावं ते न कळून कानाला लावला. पायऱ्या पडल्या, तुमच्या बाई वर अडकल्या, एवढं तो कसंबसं बोलला. पुढचं वन्सं बोलल्या. फोन घड्याळजीच्या कानाला होता, पण शब्द न् शब्द वरच्या मजल्यावर ऐकू आला. तुम्ही कोण, तिला काय केलंत, तिच्या केसाला धक्का लागला तर एकेकाला उभा फाडीन, मी निघाले. घड्याळजीनं फोन हातभर लांब धरला होता.

"ह्याच का त्या?" टायपिस्ट बाईनं कुजबुजत विचारलं.

खरं सांगायची ही वेळ होती. बाईंनी तोंड उघडलंही. पण समोरच्या डोळ्यांत जी भीती दिसली, तिच्याकडे बोट दाखवून 'ती मी' असं म्हणणं त्यांच्यानं होईना. त्यांनी चौथ्यांदा मान हलवली, आणि या वेळी मात्र ते खोटं होतं.

आता सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. मालकीणबाई येतायत. घड्याळजीनं घाईघाईनं कारभाऱ्यांना फोन केला, शिडी घेऊन या म्हणाला. टायपिस्ट बाई खोली आवरू लागली. बाई भिंतीला टेकून बसल्या. एका बाजूनं कारभारी येणार, दुसऱ्या बाजूनं वन्सं, आणि उतरायला जिना नाही.

कारभारी आधी पोचले. शिडी त्यांनी आणली नव्हती. आधी बघायला आले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर नेहमीची शांती. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, भगदाडाकडे पाहिलं, नजर वर नेली, आणि तिथे टायपिस्ट बाईच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या शिवणबाई दिसल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंचं आधीच पळालं होतं. आता हे 'मालकीणबाई' म्हणून हाक मारणार, असं वाटून बाईंनी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. उघडून बघतात तर कारभारी खाली मान घालून किल्ल्या मोजत होते. बाईंचं नाव घ्यावं तर दोन वर्षं सांगितलेली सगळी गोष्ट कोसळणार. त्यांना बोलता येत नव्हतं, बाईंना बोलायचं नव्हतं. दोघंही एकमेकांना भिऊन गप्प उभे राहिले, आणि घड्याळजी मध्ये उभा राहून वर-खाली बघत राहिला.

"तुम्ही काळजी करू नका," कारभारी शेवटी म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. वन्संची पद्धत ही होती. त्यांनी अग्निशमन दलाला फोन करून सांगितलं होतं की घर कोसळलंय, आत माणसं आहेत. लाल गाडी दारात थांबली, मागोमाग टॅक्सी, टॅक्सीतून काठी आणि काठीमागून वन्सं. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. हेल्मेट घातलेले चार जण आत धावले, लाकडं बाजूला करून खाली कोणी सापडलंय का ते पाहू लागले. घड्याळजी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता की खाली कोणी नाही, वर दोन बायका आहेत आणि त्यातली एक चहा करतेय.

दलाचे साहेब जाडे, मिशीवाले आणि भयंकर गंभीर होते. त्यांनी तुटलेली एक पायरी उचलली. ती त्यांच्या बोटांत भुसभुशीत होऊन गळाली.

"हा जिना कोणी माणूस घेऊन पडला असता," ते म्हणाले, "तर मी आत्ता वेगळ्याच गाडीला फोन करत असतो. मालक कोण या घराचा?"

असा सन्नाटा पसरला की घड्याळजीच्या खोलीतली घड्याळं ऐकू येऊ लागली. कारभाऱ्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं. घड्याळजीनं आणि टायपिस्ट बाईनं वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान वर केली. वर, भगदाडाच्या काठाशी, त्यांची वहिनी भिंतीला चिकटून उभी होती. भावाच्या आजारपणात याच वहिनीनं तीन महिने पाठ टेकली नव्हती, ते वन्संनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"मी," त्या म्हणाल्या. "काय ते मला बोला."

साहेब बोलले. भरपूर बोलले. माणसांच्या जिवाची काही चाड आहे की नाही, घर भाड्यानं देता आणि फिरकत नाही, आठ दिवसांत नवा जिना झाला नाही तर घराला टाळं लावीन. वन्संनी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या सुजलेल्या गुडघ्यावर ताठ उभ्या राहून, सगळ्या रस्त्यासमोर, एकही शब्द उलट न बोलता ते ऐकत होत्या. वर बाईंना ते बघवेना. भीती होतीच, पण तिच्या वर आणखी काहीतरी चढून आलं. लाजच असावी.

साहेबांनी वही काढली. मालक फिरकत नाही, मग व्यवस्था बघतं कोण? कारभाऱ्यांनी हळूच पुढे पाऊल टाकलं आणि उसासा टाकला. "मी," ते म्हणाले. "जिन्याचं बघितलं होतं मी."

"आत्तापर्यंत हे बघत होते," वरून आवाज आला. बारीक होता, पण सगळ्यांनी वर पाहिलं. बाई भगदाडाच्या अगदी काठावर येऊन उभ्या होत्या. एका हातानं त्यांनी टायपिस्ट बाईला घट्ट धरलं होतं. "यापुढे मी बघणार आहे. कारभारी, किल्ल्या घड्याळजींकडे द्या."

कारभारी वर बघत राहिले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आत्तापासून."

कारभाऱ्यांनी कमरेचा जुडगा सोडला. सोडताना त्यांचे हात बिलकुल घुटमळले नाहीत, हे बाईंनी वरूनही पाहिलं.

मग शिडी लागली आणि एका दणकट जवानानं बाईंना पोत्यासारखं खांद्यावर घालून खाली आणलं. कारभारी दाराबाहेर थांबले होते. बाईंना वाटलं, आता हे भांडणार. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले की दोन वर्षं झाली, सोडायचं म्हणत होतो. मुलगी आमच्याकडे या म्हणते. पण यजमान जाताना म्हणाले होते, हिला कसला घोर लावू नका. मग तक्रार सांगायची कशी, दुरुस्ती काढायची कशी, आणि सोडून जातो म्हणायचं तरी कसं?

"माझी भीती वाटायची तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या रडण्याची वाटायची," कारभारी म्हणाले. नमस्कार केला आणि पोरानं शाळेतून सुटावं तसे भराभर चालत गेले.

नवा जिना सहाव्या दिवशी उभा राहिला. सुतारानं तो पाच दिवसांतच केला होता. पण बाईंनी टेप लावली तेव्हा सातवी पायरी बोटभर कमी भरली. बाईंनी अत्यंत दिलगिरीनं त्याला सातवीपासून वरचा सगळा जिना उसवायला लावला. सुतार चिडला. घड्याळजीनं त्याला बाजूला घेऊन समजावलं की या बिचाऱ्यांचा काही दोष नाही, वर त्यांची मालकीण फार कडक आहे.

तेव्हापासून बाई दर आठवड्याला जाऊ लागल्या. छताची ओल गेली, नळ बदलला. काही मागायचं असलं की भाडेकरू बाईंना सांगत आणि बाई म्हणत, वन्संना विचारून सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वन्सं टॅक्सीनं स्वतः येत. काठीनं भिंती ठोकत, नळ उघडून बघत, खिडकीवर बोट फिरवून धूळ दाखवत. निवृत्तीनंतर त्यांना इतकं तरतरीत कोणी पाहिलं नव्हतं. गुडघ्याची सूजसुद्धा उतरली होती.

बाईंना मात्र हे खोटं खाऊ लागलं. जी माणसं आपल्याला मायेनं चहा देतात, आपली कीव करतात, त्यांना फसवायचं किती दिवस? कळल्यावर त्यांना काय वाटेल, या विचारानं झोप उडाली. चार महिने त्यांनी असे काढले आणि एका रविवारी, वन्सं यायच्या आधी तासभर, दोघांना टायपिस्ट बाईच्या खोलीत बसवलं. घसा तीनदा साफ केला. चहा समोर होताच, त्यामुळे तोही विचारता येईना. मग एका दमात सांगून टाकलं की घर माझं आहे, मालकीण मी आहे.

दोघांपैकी कोणीच दचकलं नाही. घड्याळजीनं बशीतलं बिस्कीट उचललं.

"माहीत आहे," टायपिस्ट बाई म्हणाली. "भाडेकरार माझ्याकडेच आहे. मालकाच्या नावापुढे शिवणशिक्षिका असं लिहिलंय, आणि तुम्ही जिन्याला कपड्याची टेप लावून मोजत होतात, हे यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी सगळे गेल्यावर संध्याकाळी मी कागद काढून बघितला."

बाईंनी कप खाली ठेवला. मग इतके दिवस बोलला का नाहीत? घड्याळजी म्हणाला, भीती वाटली. आम्हाला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही लाजून यायचं बंद केलं असतं आणि दुसरा कारभारी नेमला असता. म्हणून दोघांनी मिळून ठरवलं होतं, काही बोलायचं नाही.

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, पण यावेळी त्यांचं रडणं बघून कोणी घाबरलं नाही. चार महिन्यांचं ओझं उतरलं. आता सगळं उघड झालं, त्या म्हणाल्या, आता कोणी कोणाला भ्यायचं कारण नाही. फक्त एवढंच राहिलं, की आता वन्संना मालकीण होऊन यायची गरज नाही, हे त्यांना सांगायला हवं. हे कोण सांगणार?

घड्याळजीनं बिस्कीट परत बशीत ठेवलं. टायपिस्ट बाईनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली टॅक्सीचं दार लागलं आणि नव्या जिन्यावर काठी वाजू लागली, एकेक पायरी, सावकाश, ठाम.

घड्याळजी उठून उभा राहिला. टायपिस्ट बाई उठली, तिनं केसांतली पेन्सिल नीट केली. बाईंनी खिडकीच्या कडेवरून घाईघाईनं रुमाल फिरवला आणि त्याही उठून उभ्या राहिल्या.